प्रशिक्षकाची नोकरी गावात हवी

भारताचे नामवंत फुटबॉलपटू प्रदीपकुमार बॅनर्जी आपल्या सबंध कारकिर्दीत कोलकात्याच्या मोहन बागानकडूनही खेळले नाहीत आणि ईस्ट बंगालकडूनही खेळले नाहीत, हे बंगालबाहेरच्या फुटबॉलप्रेमींना सांगितले तर सहसा खरे वाटत नाही. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथ्या आलेल्या भारतीय संघात ते होते, १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये संघाचे कर्णधार होते आणि १९६२ च्या जाकार्ता एशियाडच्या अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाविरुद्ध त्यांनी गोल केला; पण आपल्या भराच्या वर्षांत त्यांनी अंगात घातला तो ईस्टर्न रेल्वेचा शर्ट. जलपायगुडीला जन्मलेल्या आणि जमशेदपूरसारख्या कारखान्याच्या गावात वाढलेल्या या मुलाला रेल्वेने नोकरी दिली आणि त्या नोकरीच्या आधारावर तो खेळत राहिला. १९५८ साली या रेल्वेच्या संघाने कोलकात्याच्या बलाढ्य क्लबांना मागे टाकून लीग जिंकली, तेव्हा त्यात बॅनर्जींचा वाटा मोठा होता. ज्या दोन क्लबांकडून ते कधी खेळले नाहीत, त्याच दोन क्लबांना पुढे प्रशिक्षक म्हणून त्यांनी घडवले: १९७२ पासून ईस्ट बंगालला आणि १९७६ पासून मोहन बागानला.

त्यांच्या आयुष्यातला हा रेल्वेच्या नोकरीचा धागा ग्रामीण विदर्भात बसून पुन्हा तपासण्यासारखा आहे. आपल्याकडे फुटबॉलचा विषय निघाला की चर्चा मैदानावर सुरू होते आणि मैदानावरच संपते. तालुका क्रीडा संकुल अर्धवट पडले आहे, कुंपण मोडले आहे, ई-क्लास म्हणजे गावच्या सरकारी जमिनीवर अतिक्रमण झाले आहे, या तक्रारी खऱ्या आहेत आणि त्या मांडल्याच पाहिजेत. तरीही माझे म्हणणे असे आहे की मैदान ही आपली पहिली अडचण नाही. आपली पहिली अडचण ही की बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी आपला खेळाडू खेळातून कायमचा निघून जातो, आणि त्याच्याबरोबर त्याला जे काही येत होते तेही निघून जाते. त्यामुळे गावातल्या पुढच्या पिढीला दरवेळी पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

विदर्भात फुटबॉल नवा नाही. कामठीच्या छावणीच्या आसऱ्याने तो रुजला आणि तिथली परंपरा आजही नागपूरच्या लीगमध्ये दिसते. रेल्वेच्या वसाहती, कोळशाच्या खाणी, दारूगोळ्याचे कारखाने, मिशनच्या शाळा अशा ठिकाणी तो पिढ्यान्‌पिढ्या खेळला गेला. म्हणजे जिथे पगार होता, संध्याकाळी पाच वाजता सुटी होती आणि वसाहतीला लागून मोकळी जागा होती, तिथे हा खेळ टिकला. शेतीच्या गावात यांपैकी मोकळी जागा तेवढी होती. तिथे कबड्डी टिकली, कुस्ती टिकली, शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, तर बंदी येऊनही टिकला. फुटबॉल मात्र एखादा हौशी मास्तर बदलून आला की दिसायचा आणि त्याची बदली झाली की दिसेनासा व्हायचा.

आज चित्र कसे आहे? यवतमाळ, वाशीम किंवा गडचिरोली जिल्ह्यातल्या कोणत्याही मोठ्या गावात पहाटे पाचला रस्त्यावर निघालात तर धावणारे पोट्टे दिसतील. ही पोलीस भरतीची तयारी असते: सोळाशे मीटर, शंभर मीटर आणि गोळाफेक. त्यांच्यात शाळेत असताना फुटबॉल, कबड्डी किंवा खो-खोत जिल्ह्यापर्यंत गेलेले कितीतरी असतात. भरतीत लागला तो गेला. नाही लागला तो दोन-तीन वर्षे घासून पाहतो, मग चाकणच्या नाहीतर बुटीबोरीच्या कंपनीत कंत्राटी कामाला जातो किंवा वावरात परततो. दोन्ही रस्त्यांवर त्याच्या खेळाला जागा नाही. सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के समांतर आरक्षण आहे, हे खरे; परंतु त्या आरक्षणाचा परिणाम बारकाईने पाहायला हवा. रेल्वेने बॅनर्जींना नोकरी दिली ती त्यांनी खेळावे म्हणून. आपल्या आरक्षणात प्रमाणपत्र दाखवून माणूस लिपिक किंवा शिपाई होतो आणि रुजू झाल्याच्या दिवसापासून त्याच्या खेळाशी कार्यालयाचा काही संबंध उरत नाही. गेल्या काही वर्षांत बनावट क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणे राज्यात उघडकीस आली, ती याच व्यवस्थेची फळे होत. खेळाचा कागद एकदा दाखवण्यापुरता लागत असेल तर कोणीतरी तो कागद छापणारच.

आता शाळेकडे वळू. सुब्रतो मुखर्जी चषक ही १९६० पासून चालत आलेली देशातली सर्वांत नावाजलेली आंतरशालेय फुटबॉल स्पर्धा आहे. तिच्या तालुका आणि जिल्हा पातळीवरच्या फेऱ्या आपल्याकडे बहुधा पावसाळ्याच्या पहिल्या टप्प्यातच उरकल्या जातात. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. म्हणजे पुस्तके वाटून होत नाहीत, घरी पेरणी चालू असते, अर्धी मुले शाळेत पोचलेली नसतात, तोवर संघाची यादी पाठवण्याची वेळ येते. मग गणिताचे नाहीतर मराठीचे शिक्षक उंच दिसतील ती मुले निवडतात, एक दिवस सराव होतो आणि संघ तालुक्याला जाऊन पहिल्याच फेरीत आठ-दहा गोल खाऊन परत येतो. यात त्या शिक्षकाला दोष देण्यात अर्थ नाही. तो आधीच निवडणुकीच्या, सर्वेक्षणाच्या आणि ऑनलाइन माहिती भरण्याच्या कामाखाली दबलेला आहे. उन्हाळ्याच्या सुटीत पहाटे सहा ते आठ या वेळात मुलांना मैदानावर ठेवणारा माणूस गावात असता, तर जुलैत जाणारा संघ वेगळा असता. तो माणूस शिक्षक असू शकत नाही, कारण सुटीत शिक्षक गावात नसतो. तो गावातलाच असावा लागतो.

कायद्यातही या जागी एक खिंडार आहे. शिक्षणहक्क अधिनियम, २००९ च्या अनुसूचीत प्रत्येक शाळेला मैदान हवे असे म्हटले आहे आणि खेळाचे साहित्य द्यावे असेही म्हटले आहे. शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक मात्र सहावी ते आठवीच्या वर्गांत मिळून शंभरापेक्षा जास्त विद्यार्थी असतील तरच द्यायचा आहे. धारणी, कोरची किंवा झरी जामणी तालुक्यातल्या लहान गावांत ही संख्या कुठून आणायची? पटसंख्या घटते म्हणून शाळा एकत्र करण्याच्या गोष्टी चालतात त्या याच भागात. त्यामुळे कायद्याप्रमाणेच पाहिले तरी चेंडू प्रत्येक शाळेत जाईल आणि तो कसा खेळायचा हे सांगणारा माणूस फक्त मोठ्या गावात जाईल. जिथे नेमले गेले तिथेही या अंशकालीन निदेशकांना किती वेळा न्यायालयाची पायरी चढावी लागली आणि किती महिने मानधनाविना काढावे लागले, हे शिक्षण खात्याशी संबंध असलेल्या कोणालाही ठाऊक आहे.

चेंडू वाटण्याचा उत्साह आपल्या सरकारांना नेहमीच असतो. २०१७ साली सतरा वर्षांखालील विश्वचषक भारतात झाला, त्याचे काही सामने नवी मुंबईत होते. त्यानिमित्त १५ सप्टेंबर रोजी साऱ्या महाराष्ट्राने फुटबॉल खेळावा असा मोठा कार्यक्रम झाला आणि शाळाशाळांना चेंडू दिले गेले. कल्पना वाईट नव्हती. पण आपल्या काळ्या कापसाच्या मातीची गंमत अशी की पावसाळ्यात ती बुटाला किलोकिलोने चिकटते आणि मार्चनंतर तिला पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात. त्यात धसकटे आणि बाभळीचे काटे. अशा जमिनीवर चेंडू किती हवेचा ठेवायचा, भेगा कधी बुजवायच्या, मुरूम टाकणे परवडत नसेल तर निदान पंधरा-वीस मीटरचा चौकोन कसा साफ ठेवायचा आणि पूर्ण मैदान नसताना पाच-पाच जणांचे सामने कसे लावायचे, हे ज्याला माहीत आहे त्याच्या हाती तो चेंडू दोन वर्षे चालतो. एरवी तो पंक्चर होऊन मुख्याध्यापकांच्या कपाटात जातो, आणि साहित्य नोंदवहीत त्याची नोंद मात्र शाबूत राहते.

प्रशिक्षक म्हणजे काय, हे समजून घ्यायला बॅनर्जींच्याही आधी जावे लागते. त्यांना घडवणारे सय्यद अब्दुल रहीम हे हैदराबादचे शाळामास्तर. बल्लारशाहवरून दक्षिणेकडे जाणाऱ्या गाड्या ज्या शहरात पोचतात, तिथल्या शाळांमध्ये शिकवणाऱ्या या माणसाने भारताला १९५१ आणि १९६२ अशी दोन एशियाड सुवर्णपदके मिळवून दिली. ते स्वतः खेळलेले होते, पण त्यांचे मोठेपण पाहण्यात होते. जाकार्तात थायलंडविरुद्धच्या सामन्यात बचावपटू जर्नेल सिंगच्या डोक्याला मार लागून टाके पडले. त्याला विश्रांती देणे हा साधा मार्ग होता. रहीम यांनी त्याला आघाडीवर खेळवले, आणि त्याने उपांत्य सामन्यातही गोल केला, अंतिम सामन्यातही केला. जखमी बचावपटूला पुढे ठेवले तर प्रतिस्पर्ध्यांचा हिशेब चुकेल, हे पुस्तकात लिहिलेले नसते; त्या खेळाडूबरोबर वर्षानुवर्षे घालवलेल्या माणसालाच ते दिसते. पुढच्याच वर्षी, १९६३ मध्ये, कर्करोगाने रहीम गेले. पण त्यांच्या हाताखालचे बॅनर्जी उरले होते. १९७० च्या बँकॉक एशियाडमध्ये भारताला कांस्यपदक मिळाले, तेव्हा जी. एम. बाशा यांच्यासोबत संघाची जबाबदारी त्यांच्याकडे होती. त्या संघात सुभाष भौमिक होते. ते पुढे ईस्ट बंगालमध्येही बॅनर्जींच्या हाताखाली खेळले, आणि तेच भौमिक प्रशिक्षक असताना २००३ मध्ये ईस्ट बंगालने जाकार्तात आसियान क्लब स्पर्धा जिंकली. रहीम, बॅनर्जी, भौमिक: पन्नास वर्षांच्या या साखळीत प्रत्येक जण आधीच्याच्या हाताखाली खेळाडू होता. मधल्या एकाला जरी विसाव्या वर्षी खेळ सोडून पोटामागे जावे लागले असते, तर पुढचे दुवे जुळलेच नसते.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो वजनदार आहे. चांगला खेळाडू चांगला प्रशिक्षक होतोच असे नाही. गावातला बऱ्यापैकी खेळणारा, त्याच्या हाती पोरे दिली तर तो त्यांना शिव्या देईल, पळवून पळवून दमवेल आणि आपल्या पुतण्याला संघात घालेल. हे घडते, मी पाहिले आहे. पण बॅनर्जीही केवळ खेळून प्रशिक्षक झाले नव्हते. १९६९ मध्ये जपानमध्ये जर्मन प्रशिक्षक डेटमार क्रॅमर यांच्या अभ्यासवर्गाला ते बसले होते. त्यांचे ‘व्होकल टॉनिक’, म्हणजे सामन्याआधी खेळाडूंना पेटवणारे बोलणे, फार गाजले. १९७७ मध्ये पेले यांच्या कॉसमॉस संघाला मोहन बागानने ईडन गार्डनवर दोन-दोन असे रोखले आणि १९९७ च्या फेडरेशन चषकाच्या उपांत्य सामन्यात सव्वा लाखाहून अधिक प्रेक्षकांसमोर ईस्ट बंगालने मोहन बागानचा चार-एक असा पराभव केला, त्या दोन्ही वेळी त्या बोलण्याचे श्रेय सांगितले गेले. मला त्यातले सगळेच श्रेय पटत नाही. बोलण्याने नव्वद मिनिटे निघत नाहीत. त्यामागे आठवडाभराचा सराव असतो, त्याची गोष्ट कोणी सांगत नाही. तेव्हा माजी खेळाडूला थेट शिट्टी देऊ नये, आधी त्याला शिकवावे, हा आक्षेपाचा भाग मान्य. प्रशिक्षकांच्या परवान्यांची शिडी भारतीय फुटबॉल महासंघाने लावलेलीच आहे. तिची पहिली पायरी ग्रामीण भागातल्या मुलाला परवडेल अशा जागी, मराठीतून आणि सरकारी खर्चाने मिळाली पाहिजे.

दुसरा आक्षेप क्रिकेटचा. विदर्भाने २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ असा तीनदा रणजी करंडक जिंकला. मग जे येते तेच का वाढवू नये? क्रिकेटचे उदाहरण खरे तर माझ्याच बाजूचे आहे. पहिल्या दोन विजेतेपदांच्या वेळी संघाचे प्रशिक्षक चंद्रकांत पंडित होते, म्हणजे खेळून झाल्यावर शिकवण्याला आयुष्य देणारा माणूस, आणि त्याला बोलावून पगार देऊ शकणारी संघटना विदर्भात होती. उमेश यादव हा वलनीच्या खाण वसाहतीतल्या कामगाराचा मुलगा. सैन्यात आणि पोलिसांत जाण्याचा प्रयत्न त्यानेही केला होता. तिथे तो निवडला गेला असता तर भारताला एक वेगवान गोलंदाज कमी मिळाला असता आणि विदर्भाला एक शिपाई जास्त. क्रिकेटकडे पैसा आहे म्हणून त्याच्यासारखा मुलगा सापडल्यावर त्याला धरून ठेवता येते. फुटबॉलकडे तो नाही, म्हणून इथे सार्वजनिक पैशाचा प्रश्न येतो.

माझी सूचना अशी आहे. जिल्हा परिषदेच्या शाळांची केंद्रे आधीच आहेत. एका केंद्रात आजूबाजूच्या दहा-बारा शाळा येतात आणि त्यांचा एक केंद्रप्रमुख असतो. प्रत्येक केंद्राला एक क्रीडा प्रशिक्षक द्यावा. तो त्या परिसरातलाच, पंचवीस ते पस्तीस वयाचा, निदान जिल्हा किंवा विभागापर्यंत खेळलेला असावा. त्याचा खेळ फुटबॉलच असावा असा हट्ट नाही. जिथे कबड्डीचा माणूस असेल तिथे कबड्डी. पटसंख्या शाळेची न मोजता केंद्राची मोजली की शंभराची अट आपोआप ओलांडली जाते, हा त्यातला सोयीचा भाग. पैशाचे म्हणाल तर चंद्रपूर, यवतमाळ, नागपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत खाणींकडून जमा होणारा जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी आहे, आणि शिक्षण व कौशल्यविकास हे त्या निधीचे अग्रक्रमाचे विषय आहेत. ज्या खाणींच्या धुळीत मुले वाढतात त्या खाणींच्या पैशातून त्यांच्या प्रशिक्षकाचा पगार निघावा, यात कोणाला वावगे वाटू नये. खेलो इंडियाच्या केंद्रांत माजी खेळाडूंना मानधन देण्याची सोय आहेच. मात्र त्यासाठीची कामगिरीची अट आपल्या आदिवासी तालुक्यांतल्या बहुतेकांना पेलणारी नाही. ज्याला राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत कोणी नेलेच नाही, त्याच्याकडे राष्ट्रीय प्रमाणपत्र मागणे म्हणजे विहीर खोदायच्या आधी पाण्याचा दाखला मागणे.

एका गोष्टीवर मात्र तडजोड होऊ नये. हे पद अकरा महिन्यांच्या कंत्राटाचे, बाह्ययंत्रणेमार्फत भरलेले आणि मानधन सहा महिन्यांनी देणारे असेल, तर ते काढूच नये. तसल्या पदावर आलेला माणूस एक डोळा पोलीस भरतीच्या जाहिरातीवर ठेवूनच काम करील, आणि जाहिरात निघाली की जाईल. मणिपूरच्या फुटबॉलपटू बेमबेम देवी यांना राज्याच्या पोलीस दलात नोकरी होती. त्या वर्षानुवर्षे भारताकडून खेळल्या, मग प्रशिक्षणाकडे वळल्या आणि २०२० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्या राज्यातून इतक्या मुली देशाच्या संघात येतात, याचे एक मोठे कारण त्यांच्यासारख्या बायका गावातल्या मुलींना डोळ्यांसमोर दिसतात हे आहे. आपल्याकडे दहावीनंतर मुलीचे मैदान सुटते. मुलींच्या सरावाला स्त्री प्रशिक्षक असेल तर घरचे पाठवतात, नसेल तर नाही. त्यामुळे या पदांपैकी निम्मी तरी स्त्रियांसाठी हवीत, आणि नेमणुकीआधी पोलीस पडताळणी व पालकांची समिती या अटीही हव्यात. खेळाच्या नावाखाली मुलांशी होणारे गैरवर्तन हा झाकून ठेवण्याचा विषय नाही.

अशा कामातून माणसे घडतात, हे नागपुरात सिद्ध झालेले आहे. हिस्लॉप महाविद्यालयातले क्रीडा शिक्षक विजय बारसे यांनी २००१ मध्ये झोपडपट्टीतल्या मुलांना घेऊन सुरू केलेल्या कामातून खेळाडू तर निघालेच, शिवाय त्यांतले काही जण पुढे तिथेच शिकवू लागले. १९१४ मध्ये स्थापन झालेले अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ शारीरिक शिक्षणाचे शिक्षक घडवत आले आहे. म्हणजे शिकवणाऱ्यांना शिकवण्याची जागा विदर्भात आहे. तिथून पदवी घेऊन निघालेले तरुण नोकरीसाठी संस्थाचालकांचे उंबरे झिजवतात आणि दुसरीकडे गावातला खेळाडू पदवी नाही म्हणून बाहेर राहतो. या दोघांना एकत्र आणले तर केंद्र पातळीवर एक पदवीधर मार्गदर्शक आणि त्याच्या हाताखाली तीन-चार गावांचे खेळाडू-प्रशिक्षक, अशीही रचना करता येईल. कोणती रचना बरी, हे मेळघाटात वेगळे ठरेल आणि वर्धेच्या आसपास वेगळे.

देशाच्या पातळीवरही हाच प्रश्न वेगळ्या रूपात दिसतो. ऑगस्ट २०२५ मध्ये खालिद जमील भारताचे मुख्य प्रशिक्षक झाले. महिंद्रा युनायटेड आणि मुंबई एफसीकडून खेळलेले, दुखापतीनंतर प्रशिक्षणाकडे वळलेले आणि २०१६-१७ मध्ये मिझोरमच्या ऐजॉल संघाला आय-लीग ही राष्ट्रीय लीग जिंकून देणारे. सॅव्हिओ मेदेरा यांच्यानंतर तेरा वर्षांनी या जागी भारतीय माणूस आला. सप्टेंबरमध्ये ओमानला हरवून काफा नेशन्स चषकात तिसरे स्थान मिळाले तेव्हा कौतुक झाले; ऑक्टोबरमध्ये सिंगापूरकडून मडगावला हरल्यावर आणि २०२७ च्या आशियाई चषकाचे दार बंद झाल्यावर लगेच देशी की विदेशी प्रशिक्षक हा वाद सुरू झाला. सर्वांत वरच्या खुर्चीवर कोण बसावे यावर भांडायला आपल्याला आवडते. ऐजॉल जिंकला तो त्यामागे गल्लीगल्लीत मुलांना खेळवणारी माणसे होती म्हणून, आणि ती माणसे नागपूर विभागात किंवा अमरावती विभागात किती आहेत हा प्रश्न त्या वादात कोणी विचारत नाही.

सुरुवात करायला शासन निर्णयाची वाट पाहण्याचेही कारण नाही. शालेय क्रीडा स्पर्धांत जिल्हा व विभाग पातळीवर खेळलेल्या मुलांच्या याद्या जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात दरवर्षी जमा होतात, कारण त्यांवरून दहावी-बारावीचे सवलतीचे गुण दिले जातात. दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या याद्या काढाव्यात, त्यातली नावे ग्रामपंचायतींकडे पाठवून आज कोण गावात आहे हे विचारावे, आणि दिवाळीनंतर कापूस वेचणीचा जोर ओसरला की तालुक्याच्या ठिकाणी त्यांना आठ दिवसांच्या शिबिराला बोलवावे. जेवणाचा आणि एसटीचा खर्च जिल्हा नियोजन समितीतून निघतो. किती जण येतात ते तरी कळेल.